ओळंब्यात नसलेले खांब : लंडनचं टेम्पल चर्च

खारघरची_मैना (धागाकर्ती)

सासू-सासरे मागच्या महिन्यात आमच्याकडे लंडनला होते. सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी छत बघतात, मग माणसं. सासूबाईंना इमारतींचा कंटाळा, पण स्टेशनांची नावं वाचायची हौस. डिस्ट्रिक्ट लाइनवर 'टेम्पल' आल्यावर म्हणाल्या, "इथे देऊळ आहे का गं?"

देऊळ आहे, पण ते जेरुसलेमला. म्हणजे होतं. धर्मयुद्धांच्या काळात ख्रिस्ती सरदारांचा एक पंथ निघाला, यात्रेकरूंचं रक्षण करणारा, अर्धा साधू अर्धा शिपाई असा. त्यांना राहायला मिळाली अल-अक्सा मशीद. हीच सॉलोमन राजाच्या देवळाची जागा, अशी तेव्हाची समजूत. म्हणून ते झाले टेम्पलर. त्यांचं लंडनमधलं ठाणं ते टेम्पल. ते सरदार जाऊन सातशे वर्षं झाली, पण नाव राहिलं, आणि पुढे तेच भुयारी रेल्वेच्या स्टेशनाला चिकटलं. हे सगळं सांगितल्यावर उतरणं आलंच.

फ्लीट स्ट्रीटवरून एका बुटक्या दरवाजातून आत शिरलं की बसचा आवाज एकदम मागे पडतो. आत वकिलांचे चौक, आणि मधे हे चर्च. पुढचा भाग गोल, किल्ल्याच्या बुरुजासारखा, वर कंगोरेसुद्धा आहेत. मागचा भाग लांबट चौकोनी. दोन वेगळ्या इमारती शेजारी उभ्या राहता राहता चिकटल्या असाव्यात, असं पहिल्यांदा वाटतं, आणि ते फारसं चूक नाही. गोल भागाचा पवित्रीकरण विधी १० फेब्रुवारी ११८५ ला झाला, चौकोनी भागाचा १२४० मध्ये.

११८५ चा विधी केला तो खुद्द जेरुसलेमचा धर्मगुरू हेराक्लियस याने. तो काही उद्घाटनाची फीत कापायला आला नव्हता. मुस्लिम सुलतान सलाउद्दिन दाराशी आलेला, म्हणून इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीपुढे त्याने जेरुसलेमच्या किल्ल्या ठेवल्या: राज्य घे, पण वाचव. हेन्रीने नम्रपणे नकार दिला. दोनच वर्षांनी, ११८७ च्या ऑक्टोबरात, जेरुसलेम पडलं. म्हणजे मूळ शहर हातचं जात असताना इथे थेम्सकाठी त्याची प्रतिकृती उभी राहत होती.

गोल भागाचा आतला व्यास साधारण ५५ फूट. मधे सहा जोडखांब, प्रत्येकात चार-चार सडपातळ दांडे. दगड पर्बेकचा, डॉर्सेटमधला. त्याला संगमरवर म्हणतात पण तो संगमरवर नाही, चुनखडीच आहे, फक्त घासली की काळपट चकाकते. सासूबाईंनी जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, यात शंख आहेत." खरंच आहेत. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शिंपले खच्चून भरलेले असतात त्यात. मी याआधी चार वेळा तिथे गेले होते, मला कधी दिसले नव्हते.

भिंतीलगत गोलाकार दगडी बाक, त्याच्या वर दगडी चेहरे: कोणी जीभ काढलेला, कोणी कान चावला जात असलेला, कोणी नुसताच वैतागलेला. जमिनीवर चिलखतातले सरदार उताणे पडलेले.

आणि आता मुद्दा. आम्ही चौकोनी भागात गेलो. उंच, हलका, मधली आणि बाजूची दालनं एकाच उंचीची, त्यामुळे खांबांच्या रांगेमधून प्रकाश आरपार जातो. सासरे एका खांबापाशी थांबले. मग खाली बसले. मग उभे राहून त्यांनी मफलरचा एक धागा उसवला, त्याला किल्ल्यांचा जुडगा बांधला आणि खांबाच्या कडेला धरला. मी इकडेतिकडे बघत होते, कोणी हाकलतंय का. ते म्हणाले, "हे खांब ओळंब्यात नाहीत. बाहेर झुकलेत. पण सगळे सारखेच झुकलेत, हे विचित्र आहे."

तिथल्या सेवकाला विचारलं. तो हसला, बहुधा हा प्रश्न त्याला नवा नव्हता. १० मे १९४१ च्या रात्री बॉम्बफेकीत चर्चचं छप्पर पेटलं. थेम्सला ओहोटी, पाणी पुरेना. उष्णतेने पर्बेकचे खांब तडकले. युद्धानंतर वॉल्टर गॉडफ्री या वास्तुविशारदाने नवीन खांब घातले. जुने खांब किंचित बाहेर झुकलेले होते, म्हणून नवेही तसेच झुकवून बसवले. मुद्दाम.

सासरे परतीच्या गाडीत गप्प. ठाण्याला फोन लावून धाकट्या भावाला एवढंच म्हणाले, "इथे चूक सुद्धा इस्टिमेटमध्ये धरतात."

तर प्रश्न असा: आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याची चूक (किंवा खचलेला पाया) विसाव्या शतकात जाणूनबुजून परत बांधावी का?

---

कट्टेकरी_पप्या

जागा पकडून ठेवतो. सावकाश वाचतो. सासूबाईंना सलाम.

---

भुलेश्वरकर

छान लिहिलंय. गोल आहे म्हणजे विजापूरच्या गोल घुमटासारखा आवाज घुमतो का आत? आणि आमच्या मुंबईत गोल देऊळ आहे, त्याची कोणी दखल घेत नाही, हे अवांतर.

---

चुनखडी

@भुलेश्वरकर, गोल घुमटाचं उदाहरण मजेशीर आहे, कारण तो गोल नाहीच. खालची इमारत चौरस, गोल फक्त वरचा घुमट, आणि कुजबुज ऐकू येते ती घुमटाच्या आतल्या सज्जात. टेम्पल चर्चमध्ये उलट: खालची इमारत गोल, पण वर दगडी घुमट नाही, लाकडी छत. म्हणूनच तर ते १९४१ मध्ये जळून खाली आलं. आवाज छान आहे तिथे, पण 'परत येतो' असा नाही.

मैनाताई, मी वास्तुरचना शिकवते, म्हणून गोल आकाराबद्दल दोन शब्द. जेरुसलेमला येशूच्या थडग्याभोवती जे गोल मंदिर होतं, चौथ्या शतकातलं, १००९ मध्ये पाडलेलं आणि १०४८ पर्यंत पुन्हा उभं केलेलं, त्याची ही प्रतिकृती. पण 'प्रतिकृती' म्हटल्यावर आपण टेप घेऊन मोजायला जातो आणि तिथेच फसतो. जेरुसलेमला खांब वीस. इथे सहा. नॉर्थॅम्प्टनला इसवी सन ११०० च्या सुमाराचं असंच चर्च आहे, पहिल्या धर्मयुद्धाहून परतलेल्या सायमन द सेनलिसने बांधलेलं, त्यात आठ. केंब्रिजला ११३० च्या सुमाराचं, त्यातही आठ, पण बुटके, जाडजूड, पैलवानाच्या पोटऱ्यांसारखे. एकही दुसऱ्यासारखं नाही, आणि तरी त्या काळच्या माणसाला विचारलं असतं तर त्याने सगळ्यांना 'जेरुसलेमसारखं' म्हटलं असतं. गोल आहे, मधे रिंगण आहे, भोवती फिरायला वाट आहे, नाव तेच आहे: झालं. आपल्याकडे गावोगावी 'प्रतिपंढरपूर' असतं, तिथे विटेची लांबी-रुंदी कोण मोजतं?

आणखी एक. गोल इमारत थडग्यासाठी उत्तम, प्रार्थनेसाठी अडचणीची. वेदी पूर्वेला हवी, सगळ्यांची तोंडं तिकडे हवीत, आणि गोलाला पूर्व-पश्चिम कुठून आणणार? म्हणून ११८५ मध्येच पूर्वेला एक छोटा गाभारा जोडलेला होता. तिसऱ्या हेन्रीला तिथे स्वतःचं दफन व्हावं असं वाटलं, तेव्हा तो पाडून आजचा लांब दालनाचा भाग आला. पुढे हेन्रीचा विचार बदलला आणि तो वेस्टमिन्स्टरला पुरला गेला. दालन मात्र राहिलं, आणि इंग्लंडमधल्या त्या काळच्या बांधकामात त्याला तोड कमी.

गोल भागात कमानी नीट बघा. खालच्या टोकदार, वरच्या खिडक्या अर्धगोल, पश्चिमेचा दरवाजाही अर्धगोल. एका पद्धतीतून दुसरीत जाताना गवंड्यांचे हात दोन्हीकडे चालत होते. मला तो भाग झुकलेल्या खांबांपेक्षा जास्त आवडतो.

---

एग्मोरचा_पाहुणा

मी मूळचा सोलापूरचा, तीस वर्षं चेन्नईत. आमच्या इथे एग्मोरला सेंट अँड्र्यूज कर्क हे चर्च आहे, १८२१ चं, आत पूर्ण गोल. सोळा कोरिंथियन खांबांवर घुमट, आतून निळा, त्यावर तारे. स्कॉटिश लोकांसाठी बांधलं, मेजर द हॅविलंडने. जमीन इतकी भुसभुशीत की पायासाठी विहिरी खोदून त्यावर इमारत उचलली. मद्रासी चुन्याचा गिलावा असा की खांब संगमरवरी वाटतात. (इथेही संगमरवर नाही! मैनाताईंच्या सासूबाईंना पाठवा.)

पण त्याचा जेरुसलेमशी संबंध नाही. लंडनच्या सेंट मार्टिन चर्चसाठी जेम्स गिब्जने गोल आराखडा केला होता, खर्चापायी तो बाजूला पडला, पण छापून राहिला आणि इथे कामाला आला. त्यांना थडगं नको होतं, प्रवचन ऐकू यायला हवं होतं.

---

सटवाई

मी ऐकलंय की सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून चर्च गोल बांधायचे.

---

चुनखडी

@सटवाई, हे अमेरिकेतल्या गोल चर्चबद्दलही सांगतात. गोष्ट झकास आहे, आधार काही नाही. आणि टेम्पल चर्चपुरतं बोलायचं तर त्या जोडखांबांच्या मागे सैतान काय, अख्खं खटलं लपेल.

---

परखड_पाटील

माफ करा, पण इतकं भारावून जाण्यासारखं काय आहे? खांब नवे, छप्पर नवं, काचा नव्या, ऑर्गन बाहेरून आणलेला. १९५८ मध्ये पुन्हा सुरू झालेली इमारत आहे ही. त्याआधी १८४० च्या दशकात व्हिक्टोरियन मंडळींनी भिंती-छत रंगवून स्वतःच्या कल्पनेतलं मध्ययुग चढवलं. भिंतीवरचे ते चेहरे पण एकोणिसाव्या शतकात पुष्कळसे नव्याने कोरलेत. मग ११८५ चं उरलं काय? नकाशा? आणि त्यावर तिकीट.

आणि खांब मुद्दाम वाकडे करणं म्हणजे नाटक आहे. आमच्या वाड्याची तुळई वाकली होती, दुरुस्तीत आम्ही सरळ घातली. पणजोबांचा अपमान झाला असं कोणी म्हटलं नाही.

---

खारघरची_मैना

@परखड_पाटील, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. भिंतीचा दगड बराचसा जुनाच आहे, पश्चिमेचा दरवाजाही. पण 'किती जुनं' या प्रश्नावर या चर्चची एक गोष्ट सांगते, ती मला खांबांपेक्षा भारी वाटते.

१६६६ ची लंडनची मोठी आग या चर्चच्या अगदी जवळ येऊन थांबली. चर्च वाचलं. तरी १६८२ मध्ये क्रिस्टोफर रेनने (सेंट पॉलवाला, त्याचं लग्नही याच चर्चमध्ये झालेलं, १६६९ मध्ये) आतून त्याचं रूप पालटलं. वेदीच्या मागे कोरीव लाकडाचा मोठा पडदा बसवला. विल्यम एमेटने कोरलेला. १८४० च्या दशकात व्हिक्टोरियन मंडळी आली, त्यांना शुद्ध मध्ययुग हवं होतं, सतराव्या शतकातलं लाकूड नको. पडदा काढून विकला. फिरत फिरत तो पार उत्तरेत, काउंटी डरहॅमच्या बोज म्युझियममध्ये जाऊन पडला.

१९४१ मध्ये व्हिक्टोरियन लोकांनी केलेली सगळी सजावट जळाली. गॉडफ्री दुरुस्तीला लागला तेव्हा रेनचा पडदा डरहॅममध्ये धडधाकट. तो परत आणला आणि मूळ जागी बसवला. आज तुम्ही वेदीकडे बघता तेव्हा जे दिसतं ते अस्सल १६८२ चं आहे, आणि ते अस्सल उरलं कारण शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी त्याला भंगारात काढलं होतं.

मग आता सांगा, व्हिक्टोरियन लोकांनी नासधूस केली की जतन केलं?

---

परखड_पाटील

ही गोष्ट चांगली आहे. तिकिटाबद्दलचं विधान मागे. खांबांबद्दलचं नाही.

---

कलम_एकशे_सोळा

उशिरा आले धाग्यावर. वकील आहे, त्यामुळे तुम्ही ज्यांना 'वकिलांचे चौक' म्हणून एका ओळीत उरकलंत त्यांची बाजू मांडणं भाग आहे.

टेम्पलर म्हणजे फक्त तलवारबाज नव्हेत, राजांचे सावकारही होते. लंडनच्या टेम्पलमध्ये खजिना ठेवला जाई. १२१५ च्या जानेवारीत जॉन राजा इथे मुक्कामी असताना सरदार शस्त्रं घेऊन आले आणि त्यांनी हक्कांची मागणी केली. त्यातूनच त्या वर्षी जूनमध्ये मॅग्ना कार्टा, म्हणजे राजालाही कायद्याने बांधणारी सनद. जमिनीवर उताण्या पडलेल्यांत एक विल्यम मार्शल आहे, १२१९ मध्ये वारला, मरणशय्येवर टेम्पलर झाला. जॉननंतर नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या वतीने राज्य त्यानेच सांभाळलं आणि मॅग्ना कार्टा दोनदा नव्याने जारी केली. नाहीतर तो कागद पहिल्याच वर्षी गेला होता, पोपने रद्द ठरवला होता. त्याचे दोन मुलगेही तिथेच आहेत. (पाय एकावर एक असलेला पुतळा म्हणजे धर्मयुद्धाला गेलेला, ही ठोकून दिलेली समजूत आहे. गाइड सांगतील, ऐकून घ्या.)

सावकाराचं जे होतं तेच झालं. फ्रान्सचा चौथा फिलिप त्यांच्या कर्जात होता. १३ ऑक्टोबर १३०७ ला त्याने एका पहाटे सगळ्यांना उचललं. १३१२ मध्ये पोपने पंथच बरखास्त केला. जागा दुसऱ्या पंथाकडे गेली, त्यांनी ती कायदा शिकणाऱ्यांना भाड्याने दिली. भाडेकरू एकदा घुसले की काय होतं हे मुंबईकरांना सांगायला नको. १६०८ मध्ये पहिल्या जेम्सने इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल या वकिलांच्या दोन संस्थांना जागा कायमची देऊन टाकली, अट एकच: चर्चची देखभाल तुम्ही करायची. अजून करतात. आजही दक्षिणेकडची बाकं इनरची, उत्तरेकडची मिडलची.

भाऊबंदकी कशी असते बघा. १६८० च्या दशकात ऑर्गन घ्यायचा होता. एका संस्थेला स्मिथचा हवा, दुसरीला हॅरिसचा. दोघांनी आपापला ऑर्गन चर्चमध्येच उभा केला, आणि बरीच वर्षं दोन ऑर्गन समोरासमोर. स्मिथच्या बाजूने संगीतकार पर्सेल वाजवायला बसे. एकमेकांचे भाते कापल्याच्याही कथा आहेत. शेवटी न्यायाधीश जेफ्रीजने, तोच तो फाशीसाठी कुप्रसिद्ध, स्मिथच्या बाजूने निकाल दिला. तो ऑर्गन १९४१ मध्ये गेला. सध्याचा ऑर्गन स्कॉटलंडमधल्या एका लॉर्डच्या घरच्या नाचाच्या दालनातला आहे, त्याने तो भेट दिला.

आणि आपला धागा: गांधीजी इनर टेम्पलचे. १० जून १८९१ ला बॅरिस्टर झाले, १९२२ मध्ये शिक्षा झाल्यावर त्यांचं नाव पटावरून काढलं, १९८८ मध्ये परत घातलं. श्यामजी कृष्णवर्मांचं १९०९ मध्ये काढलं होतं, ते २०१५ मध्ये परत घातलं. बाबासाहेब ग्रेज इनचे, ते वेगळं, इथून थोडं उत्तरेला. उगाच धाग्यात गोंधळ नको म्हणून सांगून ठेवते.

---

कट्टेकरी_पप्या

वाचून झालं. नावं काढून परत घालायची सवय खांबांपासूनच दिसते.

---

सटवाई

:)) पप्या, जिंकलास.

'द दा विंची कोड' या गाजलेल्या रहस्यकादंबरीमुळे तिथे गर्दी असते म्हणे? आणि ती छोटी कोठडी बघितली का मैनाताई? चार-साडेचार फूट लांब, त्यात माणसाला आडवंही होता येत नाही. आयर्लंडचा कोणी टेम्पलर अधिकारी तिथे उपाशी मेला असं वाचलं होतं.

---

खारघरची_मैना

@सटवाई, जिन्यात आहे ती, भिंतीच्या जाडीत. वॉल्टर बॅशलर त्या अधिकाऱ्याचं नाव सांगतात. खाली चर्चमध्ये दिसेल अशी फट ठेवलीय. मी फार वेळ थांबले नाही.

@कलम_एकशे_सोळा, ताई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा सरस आहे, वेगळा धागा काढा.

सासऱ्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. परखड पाटलांच्या तुळईपाशी त्यांनी मला थांबवलं आणि "मला खातं काढून दे" म्हणाले. दिलंय.

---

उपअभियंता_निवृत्त

नमस्कार. मी यांचा सासरा. मराठी टंकन नवीन आहे, चूकभूल द्यावी.

प्रथम दुरुस्ती. किल्ल्यांचा जुडगा नव्हता, अडकित्ता होता. जुडगा हलका, शिवाय स्वतःभोवती फिरतो, ओळंबा स्थिरावत नाही. सुनेला अडकित्त्याची लाज वाटली असावी.

श्री. पाटील यांच्या तुळईबाबत. तुमच्या वाड्यात दुरुस्तीच्या वेळी वरचं छप्पर उतरवलं असणार, मग तुळई सरळ घालता येते. इथे परिस्थिती उलट होती. खांब तडकले होते, पण वरच्या दगडी कमानींचं छत उभं होतं, आणि तडकलेले खांबही थोडाफार भार घेतच होते. म्हणजे छताला टेकू देऊन, एकेक खांब खालून काढून त्या जागी नवा सारायचा. वरचं छत शेकडो वर्षांत झुकलेल्या खांबांबरोबर सरकून तिथेच बसलेलं. आता नवा खांब तुम्ही ओळंब्यात उभा केलात, तर त्याचा माथा कमानीच्या बुडाखाली येणारच नाही, शेजारी येईल. मग एकतर छत उतरवा, नाहीतर खांब झुकवा. मी असतो तर झुकवला असता. हा माझा अंदाज, कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत.

गाडीत मी जे बोललो ते घाईत होतं. ती चूक इस्टिमेटमध्ये धरलेली नव्हती. ते भाराचं काम होतं.

श्रीमती चुनखडी यांना एक विचारायचं आहे. सगळे खांब बाहेरच्याच बाजूला का झुकले असावेत? दालनं तिन्ही एका उंचीची आहेत, म्हणजे मधल्या छताचा रेटा बाजूच्या छतांनी तोलायला हवा. बाजूची दालनं किती रुंद आहेत ते पावलांनी मोजायचं राहिलं. सून पुढच्या शनिवारी जाणार आहे, तिला सांगितलं आहे.

---

चुनखडी

काका, पावलांनी नको, मी तिला टेप पाठवते.